गूळ मला, पंप तिला

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मला समजूतदार थोरली बहीण समजाल, आणि ती मी कधीच नव्हते. लोकांना बहिणीच्या रंगाचा हेवा वाटतो, नवऱ्याचा वाटतो, दागिन्यांचा वाटतो. मला तिच्या दम्याचा वाटायचा.

आता हसू नका. आमच्या घरात एका दम्याची काय बडदास्त होती ते ऐका आणि मग हसा.

सोयाबीनची मळणी झाली की दाणे पोत्यात जातात आणि मागे कुटार उरतं. कुटार म्हणजे शेंगांची टरफलं आणि काड्यांचा चुरा, बैलांचं वर्षभराचं खाणं. आमच्या केनवडला ते गोठ्याला लागून असलेल्या खोलीत भरून ठेवतात. बाहेरून टोपल्यांनी ओतत जायचं आणि आत एकानं पायांनी तुडवत राहायचं, म्हणजे त्याच खोलीत दीडपट मावतं. खोली भरत आली की टिनाचं छत डोक्याला टेकतं, म्हणून आत बुटकं आणि हलकं माणूस लागतं. आमच्या घरी ते माणूस मी होते. आठव्या वर्षापासून ते न्हाण येऊन दोन वर्षं होईपर्यंत, दर साल.

आत काय दिसायचं? काही नाही. दाराच्या चौकोनातून ऊन यायचं आणि त्यात नुसती धूळ उभी असायची. तोंडाला ओढणी बांधून मी तुडवत राहायचे. बाहेर आले की केस, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं. मग खोकला सुरू व्हायचा आणि आई गुळाचा खडा हातावर ठेवायची. गूळ खाल्ला की धूळ घशातून खाली उतरते असं आमच्याकडे सगळेच मानतात. मळणीवरच्या मजुरांनाही संध्याकाळी गूळ देतात. मला जरा मोठा खडा मिळायचा, कारण मी जरा जास्त खोकायचे.

आणि या दिवसांत आमच्या बाईसाहेब कुठे असायच्या? मेडशीला, मावशीकडे. मावशीचे यजमान शाळेत शिक्षक, त्यांना शेत नाही, घरात कुटार नाही. मेडशीच्या शिवारात सोयाबीन काय कमी होतं? पण मावशीचं घर स्वच्छ, एवढ्यावर आई समाधानी. मळणीचं मशीन शेतात यायच्या आदल्या दिवशी बाबा तिला एसटीत घालून पोचवून यायचे. पंधरा-वीस दिवसांनी ती परत यायची तेव्हा गाल वर आलेले असायचे, वेण्यांना नव्या रिबिनी असायच्या, आणि मावशीनं काय काय करून घातलं ते ती सांगत बसायची. मी ऐकून घ्यायचे आणि खोकायचे.

तिचा निळा पंप एका स्टीलच्या डब्यात आरशामागच्या फळीवर असायचा. रिसोडच्या डॉक्टरांनी खरं तर दोन पंप दिले होते. निळा दम लागला की घ्यायचा आणि तपकिरी रोज, दम असो नसो. आईनं तपकिरी पंप तसाच, कागदाच्या खोक्यातून न काढता, कपाटात ठेवून दिला. "चांगली हाये तवा कायले औषध? सवय लागन पोरीले," असं तिचं म्हणणं. शेजारच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. तारीख उलटून गेली तरी तो खोका तिथंच होता. त्यामुळे आमच्या घरी पंप म्हणजे एकच, निळा, आणि त्याला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मी लावला. मी तेरा वर्षांची होते, ती नऊ. मळणीचे दिवस संपून ती नुकतीच मेडशीहून आली होती. दुपारी सगळे जेवून बाहेर बसले होते. मी डबा उघडला, पंप हलवला, तोंडात धरला आणि ती दाबायची तसा दाबला. थंड, किंचित कडवट असं काहीतरी घशातून आत गेलं. वाटलं, हात्तिच्या, एवढंच? पण दोन-चार मिनिटांत छाती हलकी झाली. इतकी हलकी की मी अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उगीच धावून आले. आजारी माणसाला एवढं सुख मिळत असेल तर आजारी पडायला कोण नाही म्हणेल? मला खरंच वाटलं, लाड लाड म्हणतात ते हेच असावेत, डब्यात भरून ठेवलेले, आणि ते एकटीला मिळतायत.

मग मला चटक लागली. दिवसाआड, कधी रोज. विशेषतः कुटाराच्या खोलीत काही काम निघालं की नंतर एकदा तरी. मी टोपण होतं तसं लावून ठेवायचे, डबा होता तसा सरकवायचे. पंप लवकर संपायला लागला. आईनं बहिणीला दरडावलं, "किती खेपा मारतं व दिवसातून? एवढा कसा संपला?" ती म्हणाली, "मीच मारला माय, जास्त." मी तेव्हा पोळ्या लाटत होते. मान वर केली नाही. मनात म्हटलं, बरं झालं, कधी तरी हिलाही बोलणी बसली.

पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या साली पावसानं मळणी लांबली आणि ती मेडशीहून परत आली तरी आमचं कुटार भरायचं बाकी होतं. मी आत तुडवत होते. बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून दारात आले. ती ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून बसली होती, खांदे कानापर्यंत चढलेले, गळ्याजवळचा खळगा आत ओढला जात होता. आई पंप दाबत होती आणि पंप नुसता फुस्स करत होता. त्यात काही नव्हतं. आदल्या दिवशी त्यातलं होतं नव्हतं ते मी घेतलं होतं.

बाबांनी मोटरसायकल काढली. ती मध्ये, आई मागे, तिला धरून. रिसोडपर्यंत ती पोचेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. तिचे ओठ मी पाहिले होते, जांभळाचा रंग चढला होता त्यांच्यावर. आणि मी, केसांत कुटार घेऊन दारात उभी, काय विचार करत होते सांगू? मला भीती वाटत होती, हे खरंच आहे. पण त्या भीतीच्याही आत कुठेतरी मला हे दिसत होतं की ती आईबाबांच्या मधोमध बसली आहे. मला मोटरसायकलवर तशी जागा कधी मिळाली नव्हती.

ती वाचली. डॉक्टरांनी मशीन लावून वाफ दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. नवा पंप आला आणि त्याला मी पुन्हा कधीच हात लावला नाही. मी कोणाला काही सांगितलंही नाही. तेवीस वर्षं झाली.

आता तिचं ऐका. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कशावर, तर दम्यावर. अॅलर्जीच्या दम्यात काही पांढऱ्या पेशी मरायच्या वेळी मरत का नाहीत, हा तिचा विषय. म्हणजे लहानपणी दम्यानं मेडशीची हवा दिली, नव्या रिबिनी दिल्या, मोटरसायकलची मधली जागा दिली, आणि आता नोकरीसुद्धा दिली. बाईनं दम्याचं सोनं केलं. मी जन्मभर ठणठणीत राहून काय मिळवलं? रिसोडला एक शिलाईचं दुकान आणि दर हंगामात महिनाभर चालणारा धुळीचा खोकला. आई गावात सांगते, "लहानी पुण्याले मोठ्या शोधावर हाये." मोठीबद्दल सांगते, "थे ब्लाउज शिवते, हात चांगला हाये तिचा." हात चांगला आहे, यात माझं काय कौतुक?

या दिवाळीला आम्ही दोघी केनवडला होतो. बाबा गेल्यापासून आई एकटी असते, शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलंय. शेजारच्या शेतात अजून मळणी चालू होती म्हणून धाकटीनं तोंडाला मास्क लावला होता. आई बियाण्याचं सोयाबीन निवडत होती, मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. धाकटीनं फोनवर एक फोटो उघडून माझ्यासमोर धरला.

"हे पाह्य ताई. ह्या पेशीच्या पोटात गुलाबी दाने भरेल दिसते ना? इले इओसिनोफिल म्हनतात."

मी म्हटलं, "चांगलं हाये. ह्याच्या छापाचा कपडा भेटला त मी शिवून देतो."

ती हसली, पण सांगायची थांबली नाही. तिला सांगायला कोणी लागतं, आणि मला ते ऐकताना पोटात दुखतं, तरी मी ऐकतेच. धूळ छातीत गेली की या पेशी रक्तातून तिकडे धावतात. हे काम चांगलंच. पण काम झालं की त्यांनी मरायचं असतं. हे मरण शरीरानंच ठरवून दिलेलं असतं. पेशी आक्रसते, आतल्या आत तिचे नीट तुकडे पडतात, आणि साफसफाईच्या दुसऱ्या पेशी येऊन ते तुकडे गिळून टाकतात. कुठे सांडलवंड नाही. पण ज्याला असला दमा आहे त्याच्या छातीत यांना 'थांबा, थांबा' असे निरोप येत राहतात. मग त्या मरायला तयार होत नाहीत. दिवसेंदिवस तिथंच बसतात, आणि कधीतरी फुटतात. फुटल्या की पोटातले ते गुलाबी दाणे श्वासनळीत सांडतात, आतली कातडी भाजून काढतात, चिकट कफ धरतो.

"सनासुदीचं काय मरन मरन लावलं व?" आई म्हणाली.

"माय, लग्न लागलं, जेवनं झाले, तरी मांडवातून न उठनारे पाव्हने असतात ना? तसं हाये हे."

"मंग त्याइले उठवाच लागते."

"तेच काम थो तपकिरी पंप करते. निळ्यानं नुसती नळी खुलते, पाव्हने तसेच बसून राह्यतात. तपकिरी रोज घेतला की त्याइले येनारे निरोप बंद होतात, अन् त्या वेळेवर मरतात."

आईचा हात सुपात थांबला. कपाटातला तो न उघडलेला खोका तिला आठवला असणार. मग ती पुन्हा निवडायला लागली. न उठणारा पाहुणा कसा असतो हे मला पुण्याहून येऊन कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या छातीत असला एक तेवीस वर्षांपासून ठाण मांडून बसला होता आणि मीच त्याला थांब थांब म्हणत होते.

नेमका तेव्हाच मला खोकला आला. शेजारच्या मशीनची धूळ आमच्या अंगणात येत होती. मी खोकत राहिले, आणि आई सवयीनं उठून गुळाचा डबा घेऊन आली. धाकटीनं मात्र फोन खाली ठेवला, मला पाठमोरी केली आणि पाठीला कान लावला. मी म्हटलं, सोड, गिऱ्हाइकाचा ब्लाउज चुरगाळला जातो. ती म्हणाली, "चूप. श्वास सोड. पुरा सोड." मी सोडला. तिनं दुसऱ्या बाजूला कान लावला. बराच वेळ ती तशीच होती, तिचा गाल माझ्या पाठीवर. लहानपणापासून आम्ही इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

"ताई, हे कवापासून वाजून राह्यलं?"

"काय?"

"तुही छाती."

दुसऱ्या दिवशी तिनं मला रिसोडच्या दवाखान्यात नेलं. हातातलं काम सांगून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही. डॉक्टर नवे होते. रक्त घेतलं. एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मी फुंकलं तर पडद्यावरची रेघ वर चढता चढताच खाली पडली. मग त्यांनी माझ्या हातात निळा पंप दिला, चार वेळा घ्या म्हणाले, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. मी पंप हलवला, पूर्ण श्वास सोडला, तोंडात धरला, दाबला, आत घेतला, दहापर्यंत थांबले. डॉक्टर म्हणाले, वा, पहिल्याच वेळेला इतकं बरोबर कोणाला जमत नाही.

थंड, किंचित कडवट. बाकावर बसल्या बसल्या माझी छाती हलकी होत गेली, अगदी त्या दुपारी अंगणात झाली होती तशी. निरोगी माणसाला या पंपानं असलं काही वाटत नाही, हे धाकटीनं त्या बाकावर सांगितलं तेव्हा कळलं. बंद असेल तेच दार उघडतं. माझं दार तेराव्या वर्षीही बंदच होतं. मी लाड चोरले नव्हते, औषध चोरलं होतं.

रिपोर्ट आले. त्या गुलाबी दाण्यांच्या पेशी माझ्या रक्तात असायला हव्यात त्यापेक्षा कितीतरी जास्त. डॉक्टर म्हणाले, दमा आहे, जुना असावा, लहानपणापासूनचा. खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. माझंही आहे! इतकी वर्षं जे तिचं एकटीचं होतं ते माझंही होतं. आणि लगेच मागून संताप आला. मग मला मेडशीला का नाही पाठवलं? मला खोलीत घालून तुडवायला लावलं, खोकले तर गूळ दिला. कोणी एकदा तरी पाठीला कान का नाही लावला?

एसटी स्टँडवर आम्ही केनवडच्या गाडीची वाट पाहत बसलो. माझ्या पिशवीत दोन पंप होते, निळा आणि तपकिरी. धाकटीनं चहा आणला. मला वाटलं आता ती पेशींबद्दल काही सांगेल. ती कपातली साय बोटानं काढत बसली. मग मीच म्हटलं. कप हातात धरून, समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघत म्हटलं, "थो पंप मी संपवला होता. तू ओट्यावर बसली होती त्या दिवशीचा."

"मले ठाऊक हाये."

"आज कळलं?"

"आज नाई. तवाच." तिनं फुंकर घालून चहा घेतला. "तू टोपन लई घट्ट लावत होती. माह्या हातानं निंगत नव्हतं."

मी तिच्याकडे वळले. "मंग मायले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं ना. तू चोरतं हे नाई. म्हटलं, ताईले बी दम लागते. माय म्हने, तिले कायचा दम, थे त घोड्यासारखी हाये. अन् तिले बी दम लागला त कुटार कोन दाबन?"

गाडी लागल्याची घोषणा झाली. आमची नव्हती. लोक धावले, मग स्टँड थोडं मोकळं झालं.

"मंग मी मोजून मारत होती," ती म्हणाली. "दोन लागत असले त एक. लई झालं त दीड घंटा थांबून पाहो. म्हटलं दोघीले पुरला पाह्यजे. त्या दिवशी माहा हिशोब चुकला."

नऊ-दहा वर्षांची पोरगी. श्वास लागलेला असताना दीड तास थांबून बघत होती, माझ्यासाठी. आणि मी तिला मेडशीच्या रिबिनी मोजून दाखवत होते मनातल्या मनात, तेवीस वर्षं. माझा चहा तसाच गार झाला. मी रडले, स्टँडवर, लोकांसमोर, आणि रडता रडता खोकले. तिनं पिशवीतून निळा पंप काढला, टोपण काढून माझ्या हातात दिला, आणि मी घेईपर्यंत समोर उभी राहिली.

घरी आल्यावर आईला रिपोर्ट सांगितला. तिनं गुळाचा डबा उघडला होता, तो बंद करून फळीवर ठेवला आणि पदराला हात पुसले. मी तिला काही बोलले नाही. बोलायचं खूप ठरवून आले होते.

आता मी रोज सकाळी तपकिरी पंप घेते, चूळ भरते आणि दुकान उघडते. ती रात्री फोन करते, एवढंच विचारते, घेतला का. मी हो म्हणते. हेवा गेला असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. तो अजून वाटतो, पण आता तिच्या दम्याचा नाही, मेडशीचा नाही, पुण्याचाही नाही. एका पंपात दोघींचं भागवायचं तिला नवव्या वर्षी सुचलं आणि मला तेराव्या वर्षीही सुचलं नाही, त्याचा.